सावित्राच्या कानातलं कीर्तन

गेणू भंगारवाला मावळात घरोघरी फिरून, गेलेल्या माणसांच्या कुबड्या, चष्मे, दातांच्या कवळ्या गोळा करी आणि लोणावळ्याच्या व्यापाऱ्याला नेऊन देई. असली वस्तू हातातून सोडताना लोकांचा जीव अडकायचा. टाकव्याच्या बयाबाईनं मात्र नवऱ्याचं कानाचं यंत्र उंबऱ्यातूनच त्याच्या झोळीत टाकलं.

"मोडून टाक रं गेणू. कुणाच्या कानाला लावू नगंस."

"मावशी, नवंकोरं दिसतंय की!"

तिनं दार लावून घेतलं.

गेणूला संशय आला. चांगली वस्तू मोडायला सांगते, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणार. पण घरी बायको सावित्रा होती, कीर्तनाची वेडी. कान गेल्यापासून बिचारी देवळात नुसती बुवांच्या ओठांकडे बघत बसे. त्यानं यंत्र मोडलं नाही.

रामनवमीच्या दुपारी कीर्तनात त्यानं यंत्राची डबी तिच्या पदराला अडकवली, तार कानात बसवली. सावित्राचा चेहरा उजळला. "ऐकू येतंया!" म्हणत ती टाळ्या वाजवून डोलू लागली. गेणूच्या डोळ्यांत पाणी आलं.

जन्म झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटला. बुवा झांजा आवरून जेवायला गेले. देऊळ रिकामं झालं, तरी सावित्राच्या टाळ्या थांबेनात.

गेणूनं पदरावरची डबी उघडली. आत सेल नव्हताच. सेलाच्या जागी नुसता जुना गंज.

त्यानं घाईनं तारेला हात घातला. तिनं तो झिडकारला.

"आवं, गप बसा की! आख्यान रंगात आलंय. तुमच्याच जल्माचं हाय. आता थोडंच ऱ्हायलंय."