इंग्लिश आटे

दोन आटे बसले आणि नट अडकला. यिरेंचीने तो बोटांनीच उलटा फिरवून बाहेर काढला. पान्याने जोर लावला असता तर बसलाही असता, पण जबरीने बसवलेला नट पहिल्याच मोठ्या ब्रेकला दगा देतो, हे त्याला पंचवीस वर्षांच्या मिस्त्रीकामाने शिकवलं होतं.

साडेअकरा होऊन गेले होते. दोन वाजता घाटाखाली न्कॉकॉ गावात गायनाची अंतिम फेरी होती. घाटावरच्या म्प्रायसो गावातल्या चर्चच्या बायका आजवर कधी तिथवर पोचल्याच नव्हत्या. यंदा पोचल्या, आणि तीस जणींच्या पुढे उभं राहून गाणारी होती डुफिए, यिरेंचीची बायको. पहाटे चारपासून ती घरभर गात फिरत होती. सगळ्यांना खाली न्यायचं काम ट्रकचं, आणि ट्रकला ब्रेक द्यायचं यिरेंचीचं.

ट्रक वोफा सार्पोंगचा, म्हणजे यिरेंचीच्या मामाचा. मागच्याच आठवड्यात त्याने तो कुमासीहून आणला होता. नवा म्हणजे चाळीस वर्षांचा जुना. सकाळी त्याचा फोन आला होता.

"निळा 'न्यामे आदोम' स्टँडजवळ लावलाय बघ. सपाटीवर ब्रेक लागतो, दोनदा दाबावा लागतो एवढंच. उतारावर मात्र पेडल खाली जाऊन बसतं. मागच्या डाव्या चाकाशी गळतंय. मागचा सांगाडा जपानी आहे, तसलेच नट घेऊन जा."

गाड्यांचे नंबर तिथे कुणालाच पाठ नसत. कपाळावर रंगवलेलं असेल तेच गाडीचं नाव. आंब्याखाली निळा 'न्यामे आदोम', म्हणजे 'देवाची कृपा', दिसला आणि यिरेंची सरळ त्याच्या पोटाखाली शिरला.

डावं चाक खडखडीत कोरडं होतं. ओल होती उजवीकडे. यिरेंचीला हसू फुटलं. वोफाला डावं-उजवं कधी कळलं होतं? लहानपणी जेवताना तो हटकून चुकीचा हात घालायचा आणि आजी पळीने मारायची. आता हे जपानी नटही बसत नव्हते. गंजलेला जुना नट मुठीत धरून यिरेंची मामे फोसुआच्या दुकानाकडे धावत सुटला.

मामे फोसुआ तीस वर्षं जुने सुटे भाग विकत होती. तिने डोळे मिटून नट बोटांत फिरवला.

"जपानी कुठला! इंग्लिश आहे हा. आपल्या दोघांपेक्षा म्हातारा."

"वोफा तर जपानी म्हणाला."

"तुझा वोफा ट्रक घ्यायला गेला आणि विकणाऱ्याने त्याला गोष्ट विकली."

तिने चार डबे जमिनीवर उपडे केले. दोघं गुडघ्यांवर बसून एकेक नट लावून बघू लागली. हा जाड, तो आखूड, तिसऱ्याचे आटे झिजलेले. बारा वाजले. यिरेंची सारखा घड्याळ बघत होता, पण खरं सांगायचं तर त्याला मजाही येत होती. असं अडलेलं काम त्याला फार आवडायचं.

फोन वाजला. डुफिए.

"मास्टर, झालं का? बायका नटूनथटून ताटकळल्यात."

"तुम्हाला खाली नेणार म्हणजे नेणार!"

"ब्रेकसकट ने म्हणजे झालं," ती म्हणाली आणि पलीकडे तीस जणी खिदळल्या.

शेवटच्या डब्याच्या तळाशी ग्रीसने माखलेला एक नट निघाला. यिरेंचीने तो पुसून जुन्या नटाशेजारी धरला. आट्याला आटा जुळला. दुकानात एक जुना इंग्लिश सांधा पडला होता, त्यात त्याने तो नुसत्या बोटांनी फिरवला. फिरत फिरत तो थेट बुडापर्यंत गेला. यिरेंची एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या दुकानदाराची डुलकी मोडली.

"करंडक आधी माझ्या दुकानात आणायचा हं!" मामे फोसुआ त्याच्या पाठीमागून ओरडली.

त्याने ब्रेकच्या नळीचं तोंड नव्याने फुलवलं, नट बसवला, ब्रेक ऑइल भरलं, नळीतली हवा काढली. पेडल दगडासारखं घट्ट झालं. किल्ली वोफाकडे होती, पण यिरेंचीला धीर कुठला! स्टँडवरच्या सहा हमालांनी ट्रक ढकलला, त्याने वर बसून ब्रेक दाबला. ट्रक जागच्या जागी थांबला आणि सहाही जण मागच्या फळीवर आपटले. नाकं चोळत त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वोफा, तयार आहे!" यिरेंचीने फोन लावला. "या आणि घेऊन जा. मी दोन घास खाऊन येतो."

"देव तुझं भलं करो. आत्ता निघतो."

खाणावळीत फुफू खाताना यिरेंचीने ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना इंग्लिश आट्यांची हकीकत ऐकवली. दोन वेळा ऐकवली. मग हात धुऊन तो ऐटीत स्टँडवर परतला.

ट्रक आंब्याखालीच होता.

सव्वा वाजला होता. या वोफाला वेळेचं काही आहे की नाही! यिरेंचीने चिडून फोन लावला. वोफा उचलेना. ट्रकच्या पायरीवर बसून त्याने डुफिएला लावला. पलीकडे गाणं आणि टाळ्यांचा नुसता कल्लोळ होता.

"अगं, आहात कुठे? स्पर्धा हुकेल!"

"हुकते कशाला? आम्ही कधीच निघालो. सगळ्या तुझंच नाव घालून गाताहेत, ऐक!"

यिरेंची उभा राहिला.

"निघालात कशातून?"

"असं काय करतोस मास्टर? वोफाच्या ट्रकमधून! स्टँडमागे चर्चच्या भिंतीशी लावला होता ना, तिथूनच चढलो. वोफा म्हणतोय ब्रेक अजून दोनदाच दाबावा लागतो, पण हात तुझा लागलाय म्हटल्यावर काळजी कसली! बरं ठेवते, घाट लागला."