तेलखडूची फुली
वादळ संध्याकाळी किनाऱ्यावर धडकणार होतं. घर रिकामं झालं की दारावर लाल तेलखडूने फुली मारायची, म्हणजे बचाव पथक तिथे वेळ घालवत नाही, ही त्याच्या बायकोची पद्धत. ती वारून चार महिने झाले होते. आता खडू त्याच्या खिशात होता. गल्लीतली अकरा घरं रिकामी झाली. बाराव्या दारात म्हातारी मावशी ठाण मांडून बसली होती. “मावशी, हट्ट सोडा. पाणी छातीपर्यंत येईल.” “तुझ्या दारावर फुली कुठाय रे, शहाण्या?” बायकोचं कपाट सोडून जायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. मग त्याने रस्ता ओलांडला, स्वतःच्या घराला कुलूप घातलं आणि दारावर मोठी फुली मारली. “चला.” मावशी गुडघे धरत उठली. “वाकडी आलीय. तिची सरळ असायची.” “पुढच्या वादळाला सरळ काढीन.”