फुकटचा डेटाबेस

मुरुडच्या आमच्या मच्छीमार संस्थेचा कॉम्प्युटर जळाला आणि सगळ्या होड्यांच्या नोंदी गेल्या, हे कळलं त्याच दिवशी सभा बसली. त्यातला ओपन सोर्स डेटाबेस माझ्या बायकोने, हेमालीने बसवला होता. तिला जाऊन तीन महिने झाले होते.

"वहिनीनी इतकी वर्षं चालवला, कधी अडला न्हाय," संस्थेतला सदा म्हणाला.

"फुकटातला आणला म्हणून ही पाळी आली," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "आता विकतचा घ्या."

विकतचा डेटाबेस देणाऱ्या कंपनीतली प्राप्ती नावाची मुलगी जुन्या नोंदी शोधत आमच्या घरी आली. कोपऱ्यातला हेमालीचा कॉम्प्युटर तिने चालू केला.

"काका, सगळ्या नोंदींची प्रत रोज इथे येत होती. आमचा डेटाबेस घेतला तरी अशी दुसरी प्रत ठेवावीच लागते. शेवटचे तीन महिने तेवढे नाहीत. हा बंद कोणी केला?"

हेमालीच्या फोटोसमोर विजेचा दिवा लावायला मीच त्याचा प्लग काढला होता.



संस्थेत अजून तिलाच बोल लावतात, आणि मी अजून कुणाला खरं सांगितलेलं नाही.