सतरा नंबरचा डबा

"पोरी, कचऱ्याचा डबा आत घे. चाकं आहेत त्याला, दंगेखोर पेटवून परदेशी लोकांच्या घरांवर ढकलतात मेले," कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, म्हातारे नॉर्मन पोलिसांबरोबर दारोदार सांगत होते. मी म्हटलं, "मग डायपरचा वास काय तुम्ही घेणार?" आणि दार लावलं.

संध्याकाळी जमावाने तोच डबा पेटवून समोर राहणाऱ्या हाला नावाच्या सुदानी बाईच्या दारात घुसवला. आपल्या लेकीला बाहेर काढताना हालाचे दोन्ही हात जळले.

सकाळी नॉर्मन आणि पोलीस कौन्सिलच्या कॅमेऱ्यातला फोटो घेऊन आले. डब्यावर आमच्या घराचा सतरा नंबर ठळक दिसत होता. मी रडतच म्हणाले, "चूक माझीच."

"डब्याचं राहू दे गं. ढकलणाऱ्याला ओळखतेस?"


कामावर जातो सांगून गेलेला माझा नवरा होता तो. तुमचा कुठे आहे, एकदा फोन करून बघा.