वॉशर नकोत

"हे घेऊ नका साहेब, पिठाची गिरणी लावल्यासारखे वाजतात," शोभेच्या माशांचा दुकानदार म्हणाला.

कंत्राटदाराने काळा पंखा हातात तोलून पाहिला. "टाकीतलं पाणी गार होईल ना?"

"तीन-चार अंश सहज उतरेल. पण बिनआवाजाच्या पंख्यांनीही तेवढंच उतरतं. आणि हेच हवे असतील तर निदान खाली रबरी वॉशर लावा. झाकणाचं लाकूड थरथरणार नाही."

"वॉशर नकोत, काका!" लेकीने पुडी परत सरकवली. "आम्हाला आवाज आवडतो. हेच द्या. चार!"

"तुम्हाला झोप नको आहे का घरात?"

"मासे कुठे झोपतात, काका?"

कंत्राटदार मिशीत हसला. पोरगी बापावर गेली होती.

गेल्या आठवड्यात टाकीच्या झाकणातल्या दिव्यांनी पाणी तापलं आणि दोन मासे उताणे तरंगले. लक्ष ठेवलं नाही म्हणून त्याने बायकोला पट्ट्याने फोडून काढलं. तिचं मनगट मोडलं तेव्हा थांबला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची म्हातारी दारात हजर.

"काय हो, काय पडलं?"

"कपाट."

"कपाट रडतं होय तुमचं? पुन्हा ऐकू आलं ना, तर मी थेट पोलिसांना बोलावीन."

तेव्हापासून त्याचा हात शिवशिवत होता आणि उगारता येत नव्हता. तोड लेकीनेच काढली. माशांना वारा, घराला आवाज.

भर दुपारी त्याने झाकणाला भोकं पाडली, पंखे आवळले आणि बटण दाबलं. लाकूड असं घुमायला लागलं की टाकीवरची खाण्याची डबी चालत चालत खाली पडली.

"थांबा बाबा, खात्री करून घेऊ!" लेक आत आईच्या खोलीत पळाली. दार लागलं. जरा वेळाने ती धापा टाकत आली आणि त्याच्या कानाशी ओरडली, "ऐकू आलं काही?"

"छे! काय केलंस?"

"आईचा मोडका हात पिरगाळला. केवढी बोंबलली!"

तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. "शाब्बास! वाघीण आहेस माझी."

"आता पंखे मुळीच बंद करू नका हं. पाणी सत्तावीसवर आलं की मग उठा." ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

तो टाकीसमोर खुर्ची टाकून बसला. एकतीस. तीस. तापमापकाचा काटा सावकाश उतरत होता. कोपऱ्यात तिसरा मासा आडवा झाला, दोनदा तोंड उघडलं, मग उघडलंच नाही. कंत्राटदाराच्या कपाळावरची शीर तटतटली. तरी तो बसून राहिला. आठवडाभर कळ काढली होती, आणखी थोडी.

सत्तावीस.

तो उठला. कमरेचा पट्टा सोडला आणि बक्कल बाहेर राहील असा मुठीला गुंडाळला. आज दात पाडायचे, निदान चार. म्हातारी बसू दे कान लावून. पाठीमागे पंखे गरगरत होते. त्याला स्वतःची शिवीसुद्धा नीट ऐकू आली नाही.

त्याने लाथेने दार उघडलं.

खोलीत कुणी नव्हतं. पलीकडे, मागच्या दारावर त्याने स्वतः ठोकलेल्या सहाही फळ्या उपटून जमिनीवर पडल्या होत्या आणि सताड उघड्या दारातून ऊन आत आलं होतं.