सतरा नंबरचा दात

सूक्ष्मदर्शकाखाली मामांचा दात होता आणि त्याला भेग होती.

भाचीने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. भेग जागच्या जागी. मुळाच्या पातळ चकतीत, मधल्या बारीक नळीपासून पार कडेपर्यंत, केसाएवढी.

वीस दातांच्या मुळांत तिने यंत्राची गरगरती सुई घातली होती. सुई फिरताना नळीच्या भिंतींवर ताण येतो, आणि त्या ताणाने कुठेकुठे तडा जातो, हे तिला प्रबंधात दाखवायचं होतं. दुसऱ्या वीस दातांना सुईचा वाराही लागला नव्हता. ते तुलनेपुरते, धुतल्या तांदळासारखे. सतरा नंबर त्यातलाच. उद्या सकाळी सर बघणार होते. "न छेडलेल्या दातालाच तडा निघाला, तर बिचाऱ्या सुईवर आळ कसा घेशील?" असं त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. म्हणजे आणखी सहा महिने तेच काम.

म्हणून तिने मामा-मामींना प्रयोगशाळेत बोलावून घेतलं होतं. दोघं उंच स्टुलांवर बसली होती. मामीची नोकरी शाळेत मुख्याध्यापिकेची, मामांची ग्रंथालयात. घरात कुणी बोलायचं, हे त्यातच ठरून गेलं होतं.

"मामा, दात बाटलीतल्या पाण्यातच होता ना? सुकला की तडकतो."

"सुकेल कसा?" मामी म्हणाली. "रोज पाणी बदललं मी. एवढी निगा यांनी तो तोंडात असताना राखली असती, तर काढायची वेळ आली नसती."

मामांनी मान डोलावली.

"बर्फ, कडक बिया, असं काही चावायचा?"

"अगं, यांना सफरचंदसुद्धा मी चिरून देते."

मामांनी त्यालाही मान डोलावली.

भाचीने भिंग जरा जवळ आणलं. भेगेच्या कडा तपकिरी होत्या. म्हणजे ही कालपरवाची नव्हे. मामांच्या तोंडातच, वर्षानुवर्षं चहा पिऊन मुरलेली.

"दात आवळून धरायची सवय?" तिने हळूच विचारलं. "राग गिळताना माणसं धरतात तशी?"

"राग? यांना?" मामी खळखळून हसली. "निव्वळ गाय आहे! एकेचाळीस वर्षांत उलटा शब्द नाही. दात देतानाच मी फॉर्मवर लिहिलंय, बघ."

भाचीने फॉर्म काढला. 'दात आवळण्याची सवय' यापुढे मामीच्या वळणदार अक्षरात होतं, 'नाही'. आणि चौकटीबाहेर, कुणी न विचारता, 'स्वभाव अत्यंत शांत'.

"सवय असेल तर हा दात नियमानेच बाद होतो, मी दुसरा घेऊ शकते," भाची म्हणाली. "नसेल, तर तडा हिशेबात धरावा लागेल. पण मामा, ते तुम्ही स्वतःच्या हाताने लिहायचं."

मामांनी फॉर्मकडे पाहिलं, मग मामीकडे, मग खिडकीबाहेर.

"बघताय काय? 'नाही' लिहा. ठळक लिहा," मामी म्हणाली.

भाचीला एकदम सुचलं. "मामी, मामांचा दात आतून बघायचाय तुला?"

मामी लगेच उठली. चष्मा कपाळावर सारून भिंगावर वाकली. "अगंबाई! पुनवेचा चंद्रच गं! आणि हा मधून ओहोळ कसला?"

"तीच भेग."

मामांनी घसा खाकरला. आल्यापासून पहिल्यांदाच. "एकच आहे?"

"एकच, मामा."

"नीट बघ, पोरी."

भाचीने मान खाली घातली आणि पेन पुढे सरकवलं. मामांनी चोरपावलांनी चालावं तसं ते कागदावरून चालवलं. 'नाही' खोडलं. वर लिहिलं, 'आहे. एकेचाळीस वर्षं.' 'स्वभाव अत्यंत शांत' यावर पेन जरा घुटमळलं, आणि ते तसंच ठेवून मामांनी सही ठोकली. भाचीने फॉर्म झटकन फायलीत घातला.

"काय हो," भिंगावरून मान न उचलता मामी म्हणाली, "एका शब्दाला एवढा वेळ?"

"काही नाही," मामा म्हणाले.

प्रयोगशाळा शांत होती. मामांच्या जबड्यातून आलेला 'कट्' असा बारीक आवाज भाचीला स्पष्ट ऐकू आला.