जड शंख

“आतल्या बाई याला ‘दगड’ म्हणाल्या, की तुमची सगळी रास परत समुद्रात!” संग्रहालयाच्या दारातच बायकोने चढ्या आवाजात बजावले. वीस वर्षे किनारा तुडवून जमवलेल्या शंखशिंपल्यांच्या राशीपायी निवृत्त शिंप्याचा जीव टांगणीला लागला. “अगं, पुरातन शंख आहे,” तो पुटपुटला. आत हाडे ओळखणाऱ्या बाईंनी त्याने आणलेली मुठीएवढी काळी वस्तू तळहातावर तोलून नखाने हलकेच टिचकी मारली. चिनी मातीच्या पेल्यासारखा किणकिणता नाद उमटला. “शंख नव्हे,” बाई म्हणाल्या. शिंप्याने मान खाली घातली. “वळणामुळे सगळेच फसतात. हे देवमाशाच्या कानाचं हाड आहे. माणूस जन्माला येण्याच्या लाखो वर्षं आधी यानं समुद्र ऐकलाय.” शिंप्याने विचारले, “मग आपली रास?” “हळू बोला हो,” त्या कानाकडे एकटक पाहत बायको कुजबुजली, “राहू दे घरातच.”